सोलापुरात काळी माती गोठवताना : प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर

अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी माती गोठवण्याचा विषय आम्ही तिघांनी विभागात मांडला, तेव्हा पहिला प्रश्न अपेक्षित होता आणि तोच आला. ज्या शहरात एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि डिसेंबरातही पाणी कधी गोठत नाही, तेथे हा अभ्यास कोणासाठी करायचा? आमचे उत्तर असे होते की हवा गोठत नसली तरी शीतगृहाची फरशी गोठते. डाळिंबाचे दाणे आणि मक्याचे दाणे उणे १८ अंशांवर साठवणाऱ्या, शहराबाहेरील एका शीतगृहात मधल्या खोलीची फरशी चार वर्षांत फुगून वर आली आहे, दरवाजा तळाशी घासतो आणि ट्रॉली ढकलताना कामगारांना चढ जाणवतो. मालक आमच्यापैकी एकाचे नातेवाईक आहेत. काळ्या मातीवर बांधकाम केले की ती फुगणारच, असे म्हणून ठेकेदाराने हात झटकले. आम्हाला शंका अशी आहे की हा फुगवटा पावसाच्या पाण्याचा नसून थंडीचा असावा, कारण शेजारच्या चार अंशांवरील बेदाण्याच्या खोलीत, त्याच मातीवर, फरशी सपाट आहे.

सरांनी विषय मान्य केला, मात्र एक अट घातली. मातीचा ओलाव्याने होणारा फुगवटा आणि गोठल्याने होणारा उठाव हे दोन्ही वेगळे मोजता आले पाहिजेत, अन्यथा प्रकल्पाला अर्थ नाही. यापुढे या नोंदींत ‘फुगवटा’ म्हणजे पाणी पिऊन माती फुगणे आणि ‘उठाव’ म्हणजे गोठताना पृष्ठभाग वर येणे, असा भेद आम्ही पाळणार आहोत.

१४ नोव्हेंबर

तीन नमुने आणले. काळी माती मंगळवेढ्याच्या बाजूच्या एका शेतातून, दीड मीटर खोलीवरून घेतली. ज्वारीसाठी प्रसिद्ध असलेली तिकडची माती खोल आणि भारी आहे व शीतगृहाखालील मातीशी तिचा रंग व चिकटपणा जुळतो. दुसरा नमुना वडकबाळजवळ सीना नदीच्या काठावरील गाळाचा. तिसरा नमुना बांधकामात भरावासाठी वापरला जाणारा मुरूम. गाळ मुद्दाम घेतला आहे, कारण जगभरच्या अनुभवानुसार गोठताना सर्वांत जास्त उचलली जाणारी माती म्हणजे चिकण नव्हे, तर बारीक गाळमाती. आपली काळी माती तिच्या तुलनेत कोठे बसते, हे पाहण्यासाठी शेजारी एक परिचित गुन्हेगार उभा केलेला बरा.

२१ नोव्हेंबर

प्राथमिक चाचण्या भारतीय मानक २७२० च्या निरनिराळ्या भागांनुसार पूर्ण झाल्या. काळ्या मातीची द्रव मर्यादा (ज्या ओलाव्याला माती वाहू लागते) ७२ टक्के, प्लॅस्टिक मर्यादा (ज्याखाली ती वळता येत नाही) ३१ टक्के. मुक्त फुगवण निर्देशांकाच्या चाचणीत दहा ग्रॅम माती केरोसीनमध्ये १० मिलिलिटरवर बसली आणि पाण्यात चोवीस तासांनी १९ मिलिलिटरवर आली, म्हणजे निर्देशांक ९० टक्के. कुटल्यावर माती किती दाट बसते ते पाहणाऱ्या हलक्या प्रॉक्टर चाचणीत, म्हणजे २.६ किलोचा हातोडा ३१० मिलिमीटरवरून सोडून तीन थरांत प्रत्येकी २५ ठोके देऊन, कमाल शुष्क घनता १.४२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर आणि इष्टतम ओलावा २८ टक्के मिळाला. सीनेच्या गाळाची द्रव मर्यादा ३४, घनता १.६६ आणि ओलावा १८.५ टक्के.

बारीक कणांचे प्रमाण काढणारी हायड्रोमीटरची चाचणी सर्वांत कंटाळवाणी असली तरी या प्रकल्पात तीच महत्त्वाची आहे. मृदा-अभियंता आर्थर कासाग्रांदे यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी घालून दिलेला निकष आजही प्रत्येक जण प्रथम पाहतो : निरनिराळ्या आकारांच्या कणांच्या मिश्र मातीत ०.०२ मिलिमीटरहून बारीक कण ३ टक्क्यांपेक्षा जास्त असतील, किंवा एकसारख्या कणांच्या मातीत १० टक्क्यांपेक्षा जास्त असतील, तर ती माती गोठताना उचलली जाण्याची शक्यता धरावी. आमच्या काळ्या मातीत असे कण ७८ टक्के आणि गाळात ४१ टक्के निघाले. मुरमात ते ३ टक्क्यांच्या किंचित वर आहेत, आणि हे ‘किंचित’ पुढे त्रास देईल असे वाटते. निकष मात्र फक्त संशयित कोण ते सांगतो. कोण किती उचलेल, ते सांगत नाही.

२८ नोव्हेंबर

उपकरण जमवण्यात आठवडा गेला. महागडा तापनियंत्रित कक्ष आमच्याकडे नाही, म्हणून आइस्क्रीमच्या दुकानातून जुना, वरून उघडणारा डीप फ्रीझर घेतला. त्याचे झाकण काढून त्याजागी दुहेरी थर्मोकोलचे झाकण बसवले. नमुन्याचा साचा चार इंची पीव्हीसी पाइपचा, आतील व्यास १०४ मिलिमीटर आणि उंची १५० मिलिमीटर. पाइप सलग ठेवला असता तर गोठलेली माती भिंतीला चिकटून उठाव अडला असता. म्हणून तो २५ मिलिमीटर उंचीच्या सहा कड्यांत कापून कड्या एकावर एक रचल्या आणि आतून ग्रीस लावले. माती वर सरकू लागली की कड्याही तिच्याबरोबर सुट्या होतात.

फ्रीझरमध्ये सगळीकडूनच थंडी लागते, तर जमिनीला ती फक्त वरून लागते. हा फरक भरून काढण्यासाठी साच्याभोवती जाड थर्मोकोल भरला, वरचा पृष्ठभाग उघडा ठेवून त्यावर अॅल्युमिनिअमची चकती बसवली आणि तळाला सच्छिद्र दगडाखाली पाण्याचे भांडे ठेवले. हे पाणी अधिक २ अंशांवर राखण्यासाठी भांड्याखाली १५ वॉटचा बल्ब आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा छोटा तापमान-नियंत्रक लावला. पाणी बाहेरच्या ब्युरेटमधून येते, त्यामुळे मातीने किती पाणी ओढले ते मिलिलिटरमध्ये वाचता येते. वरून तीन किलोचे वजन ठेवले आहे. ८५ चौरस सेंटिमीटरवर त्याचा दाब सुमारे ३.५ किलोपास्कल होतो, आणि हा दाब साधारण १५ सेंटिमीटर जाड काँक्रीटच्या फरशीइतका असतो. शीतगृहातील मालाचे ओझे यात धरलेले नाही.

४ डिसेंबर

डीएस१८बी२० जातीचे, तापमान मोजणारे सहा संवेदक २५ मिलिमीटर अंतराने साच्याच्या भिंतीतून आत घातले आणि आर्डुइनो या छोट्या नियंत्रक-पाटीवर दर पाच मिनिटांनी नोंद सुरू केली. उत्पादक या संवेदकांची अचूकता अधिक-उणे अर्धा अंश सांगतो. इतर कामांना ती चालते. आम्हाला मात्र पाण्याच्या गोठणबिंदूभोवतीचे अर्ध्या अंशाचेच नाटक पाहायचे आहे. म्हणून बर्फाचा चुरा आणि ऊर्ध्वपातित पाणी यांच्या लगद्यात सर्व संवेदक अर्धा तास ठेवून प्रत्येकाची चूक शून्याशी ताडून घेतली. एक संवेदक ०.३८ अंशाने जास्त दाखवत होता, बाकीचे त्याहून बरे होते.

दुसरी चूक प्रयोगशाळेतील मामांनी दाखवली. प्रयोगशाळेत तीस वर्षे काढलेल्या माणसाची नजर वेगळीच असते. उठाव मोजणारे डायल गेज झाकणाबाहेर आणि पोलादी दांडा आत, अशी आमची रचना पाहून त्यांनी विचारले, “दांडा गारठल्यावर आखडत नाही का?” चारशे मिलिमीटर लांबीचा पोलादी दांडा सरासरी २० अंशांनी थंड झाला तर सुमारे ०.१ मिलिमीटरने आखडतो. डायल गेज ०.०१ मिलिमीटर वाचते, तेव्हा ही चूक दुर्लक्षिता येणार नाही. साच्यात मातीऐवजी लाकडाचा ठोकळा ठेवून एक रात्रभर मोकळी चाचणी चालवली आणि तिचे वाचन यापुढे प्रत्येक आकड्यातून वजा केले जाईल.

९ डिसेंबर

पहिली चाचणी बंद पद्धतीची, म्हणजे खालून पाणी न देता. काळी माती इष्टतम ओलाव्याला कुटून, तळाचा बल्ब बंद ठेवून पूर्ण नमुना उणे १० अंशांपर्यंत नेला.

मधल्या संवेदकाचा आलेख पाहण्यासारखा होता. तापमान शून्याखाली उतरले, उणे एक, उणे दीड, उणे १.९ पर्यंत गेले तरी पाणी द्रवच राहिले, आणि मग एका नोंदीत ते एकदम उणे ०.५ वर उसळले व तेथे काही तास जवळपास स्थिर राहिले. अतिशीत पाण्यात बर्फाचा पहिला कण जन्मला की अप्रकट उष्मा बाहेर पडतो आणि तापमान वर येते. पाठ्यपुस्तकात ही आकृती आम्ही पाहिली होती, पण ती शुद्ध पाण्याची होती व स्थिर भाग शून्यावर होता. येथे तो उणे ०.५ वर आहे, कारण चिकणमातीच्या कणांभोवतीचे पाणी विरघळलेल्या क्षारांमुळे आणि कणांच्या ओढीमुळे शून्यावर गोठत नाही. पुढील चाचण्यांत हा उशीर टाळण्यासाठी वरच्या पृष्ठभागावर चिमूटभर बर्फाचा चुरा टाकायचा असे ठरले.

उठाव मात्र जेमतेम ०.७ मिलिमीटर भरला. पाणी गोठताना ९ टक्क्यांनी वाढते, हे प्रत्येकाला शाळेपासून पाठ असते, आणि त्या हिशेबाने आमच्या नमुन्यातील सगळे पाणी गोठले असते तर १५० मिलिमीटर उंचीत सुमारे ५.४ मिलिमीटर वाढ व्हायला हवी होती. ती झाली नाही, कारण मातीच्या पोकळ्यांत सोळा टक्के हवा होती आणि काळ्या मातीतील बरेचसे पाणी उणे दहालाही गोठत नाही. या निकालाने गटातील एकाचा उत्साह मावळला. सरांनी मात्र स्टीफन टेबर यांचे नाव सांगितले. दक्षिण कॅरोलायनातील या भूशास्त्रज्ञाने १९२९ आणि १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात मातीत पाण्याऐवजी बेंझीन भरून ती गोठवली होती. बेंझीन गोठताना वाढत नाही, उलट आक्रसते. तरीही माती उचलली गेली. म्हणजे ९ टक्क्यांची वाढ हे उठावाचे खरे कारण नव्हेच. गोठणारी माती खालून द्रव ओढून घेते आणि त्याचे थर साठवते, त्या थरांच्या जाडीने ती वर येते. पाणी तोडले तर उठावही तुटतो. आमच्या बंद चाचणीने नेमके हेच दाखवले होते, आम्हीच ते अपयश समजत होतो.

१६ डिसेंबर

आज एक चूक लिहून ठेवायची आहे.

काळ्या मातीची पहिली खुली चाचणी ११ तारखेला सुरू केली होती. वर उणे ६, तळाला अधिक २, खालून पाणी खुले. पाच दिवसांत ६.३ मिलिमीटर उठाव मिळाला आणि आम्ही आलेखही सुबक काढून ठेवला. सरांनी तो पाहून एवढेच विचारले की फ्रीझर बंद असता तर किती आला असता. उत्तर आमच्याकडे नव्हते. कुटलेली, अर्धवट संपृक्त काळी माती पाण्यावर बसवली तर ती गोठो वा न गोठो, फुगणारच. पहिल्याच दिवशी घातलेल्या अटीचा आम्हाला महिनाभरात विसर पडला होता.

२३ डिसेंबर

तसाच दुसरा नमुना विभागातील साध्या फ्रिजमध्ये, चार अंशांवर, पाण्यावर ठेवला होता. पाच दिवसांत तो ५.६ मिलिमीटर फुगला, म्हणजे मागच्या ६.३ पैकी बहुतांश भाग ओलाव्याचा होता. मागचा आलेख रद्द केला. यापुढे काळ्या मातीचा नमुना आधी वजनाखाली पाण्यावर ठेवून डायल गेज स्थिर होईपर्यंत फुगू द्यायचा आणि त्यानंतरचे वाचन शून्य धरून गोठवायचे. त्यासाठी दोन नमुने उद्यापासून भिजत घालत आहोत. यात दोन-तीन आठवडे जातील. तोवर फ्रीझर गाळासाठी मोकळा आहे.

१ जानेवारी

सीनेच्या गाळाची चाचणी काल संपली. पहिल्या आठ तासांच्या उठावावरून दिवसाचा वेग काढण्याची अमेरिकी मानकाची, म्हणजे एएसटीएम डी ५९१८ ची, पद्धत आम्ही आधार म्हणून घेतली आहे. साच्याचा आकार आणि तापमानाच्या पायऱ्या आमच्या साधनांमुळे वेगळ्या आहेत, त्यामुळे ही तुलना ढोबळच समजावी. वेग दिवसाला ५.२ मिलिमीटर आला. त्या मानकात ४ ते ८ मिलिमीटर वेगाची माती मध्यम संवेदनशील मानली जाते.

पाच दिवसांचा एकूण उठाव १९ मिलिमीटर आणि ब्युरेटमधून गेलेले पाणी १३२ मिलिलिटर. या पाण्याची साच्याच्या क्षेत्रफळावर उंची १५.५ मिलिमीटर होते, गोठल्यावर ती १६.९ होते; उरलेले २.१ मिलिमीटर पोकळ्यांत आधीपासून असलेल्या पाण्याच्या वाढीचे. एकोणीसपैकी सतरा मिलिमीटर माती बाहेरून पिऊन आली आहे. टेबर यांचे म्हणणे ब्युरेटच्या आकड्यांत इतक्या सरळपणे उतरलेले पाहून समाधान वाटले.

नमुना करवतीने उभा कापला. वरच्या भागात पांढऱ्या केसासारख्या रेषा, आणि खाली जावे तसतसे जाड होत गेलेले बर्फाचे आडवे थर. सर्वांत खालचा जवळपास चार मिलिमीटरचा. भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी माती त्या थरावरून अलगद सुटली.

१५ जानेवारी

गड्डा यात्रेमुळे महाविद्यालयाला सुट्टी होती. भिजून स्थिर झालेला काळ्या मातीचा पहिला नमुना (फुगवटा ९.४ मिलिमीटर, त्यानंतर तीन दिवस डायल हलले नाही) १२ तारखेला गोठवायला लावला होता. काल रात्री इमारतीचा वीजपुरवठा अकरा तास बंद राहिला. संवेदकांना बॅटरी होती, फ्रीझरला नव्हती. नमुना वितळला, टाकून दिला. दुसरा तयार आहे.

१८ जानेवारी

दुसरा नमुना सुरू केला. विभागाच्या जनरेटरची जोडणी मामांनी फ्रीझरला दिली आहे.

२२ जानेवारी

पहिले सहा तास डायल गेज खाली गेले, ०.२ मिलिमीटरने. दांड्याची दुरुस्ती वजा करूनही. गोठणारा वरचा थर खालच्या न गोठलेल्या मातीतून पाणी खेचतो तेव्हा ती माती दाबली जाऊन आवळते. काळ्या मातीतून पाणी इतके सावकाश वाहते की खालच्या भांड्यातून भरपाई होण्याआधीच हे आकुंचन दिसते. आठ तासांचा नियम येथे लावला तर वेग शून्याखाली येतो आणि माती ‘नगण्य संवेदनशील’ ठरते. निकाल लिहिण्याची घाई असलेला कोणी येथेच थांबला असता.

तिसऱ्या दिवशी गोठण्याची सीमा ९० मिलिमीटर खोलीवर येऊन स्थिरावली आणि तेव्हापासून डायल गेज एका संथ, सरळ रेषेत वर चढत आहे. दिवसाला ०.८ मिलिमीटर. सरांच्या सांगण्यावरून चाचणी पाचव्या दिवशी न थांबवता चालू ठेवत आहोत.

९ फेब्रुवारी

एकवीस दिवसांनी काल चाचणी थांबवली. अकराव्या दिवसानंतर वेग ०.६ पर्यंत उतरला, परंतु शून्याकडे जाण्याची चिन्हे दिसली नाहीत. एकूण उठाव १२.४ मिलिमीटर. फ्रिजमधील तुलनेचा नमुना याच काळात ०.०५ मिलिमीटरही हलला नाही, त्यामुळे हे सगळे श्रेय, किंवा दोष, गोठण्याचाच.

कापलेल्या नमुन्यातील चित्र गाळाहून अगदी वेगळे होते. आडव्या थरांबरोबर उभ्या भेगाही बर्फाने भरलेल्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, आणि तिच्या घरांत अडकलेले मातीचे तुकडे इतके कोरडे की नखाने त्यांचा भुगा होत होता. एका तुकड्याचा ओलावा ओव्हनमध्ये काढला तर २३ टक्के भरला; भिजलेल्या नमुन्याचा ३६ होता. म्हणजे गोठण्याने त्या तुकड्यांना एका अर्थी वाळवले होते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा आणि या भेगा यांचे मूळ एकच, पाणी निघून जाणे. फक्त तेथे ते हवेत जाते आणि येथे शेजारच्या बर्फात. ही ओढ किती जबर असते त्याचा अंदाज असा की गोठणबिंदूखालील प्रत्येक अंशामागे बर्फ आणि पाणी यांच्या दाबांत सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १.२ मेगापास्कलचा फरक पडू शकतो. काळ्या मातीला ओढीची कमतरता नाही. तिला अडवते ती पाणी वाहू देण्याची तिचीच कमी क्षमता, म्हणजे कमी पारगम्यता. गाळात ओढ बरी आणि वाटही मोकळी, म्हणून तो पहिल्याच दिवशी उसळतो.

१३ फेब्रुवारी

प्रयोगातील आकडा शीतगृहाला कसा लावायचा, यावर तीन दिवस वाद झाला. कॅनडातील कोनरॅड आणि मॉर्गनस्टर्न यांनी १९८० च्या सुमारास दाखवले की गोठण्याची सीमा स्थिर असताना पाणी ओढण्याचा वेग गोठलेल्या भागातील तापमानाच्या उताराशी प्रमाणात असतो. आमच्या साच्यात आठ अंशांचा फरक १५० मिलिमीटरमध्ये आहे, म्हणजे मीटरला सुमारे ५३ अंश. फरशीखाली तो किती?

ढोबळ हिशेब असा केला. खोली उणे १८ वर, जमिनीत दहा मीटर खोल सोलापूरच्या वार्षिक सरासरीइतके म्हणजे २७ अंश धरले, मातीची उष्णतावाहकता १.३ आणि पफची (फरशीखाली घालतात त्या उष्णतारोधक फोमची) ०.०२४ वॉट प्रति मीटर प्रति अंश. फरशीखाली १०० मिलिमीटर पफ असेल तर उष्णतेचा प्रवाह चौरस मीटरला ३.८ वॉट येतो, पफखालील मातीचे तापमान उणे दोनच्या आसपास स्थिरावते आणि गोठण सुमारे ७५ सेंटिमीटर खोल जाते. पफ ५० मिलिमीटर असेल तर हीच खोली सव्वादोन मीटरच्या पुढे. १५० मिलिमीटर पफ असेल तर मात्र माती शून्याच्या वरच राहते. आपल्याकडील जमीन उबदार आहे हा मोठाच दिलासा, पण तो पुरेसा नाही, हे आम्हालाही हिशेब करेपर्यंत खरे वाटत नव्हते. ही स्थिती यायला वेळ लागतो, कारण एक घनमीटर ओल्या काळ्या मातीतील पाणी गोठवायचे तर सुमारे १४० मेगाज्यूल उष्मा काढावा लागतो आणि चौरस मीटरला तीन-चार वॉटच्या गतीने तो निघायला वर्षे जातात. म्हणूनच तक्रार पहिल्या वर्षी येत नाही.

१०० मिलिमीटर पफच्या बाबतीत तापमानाचा उतार मीटरला २.९ अंश, म्हणजे आमच्या साच्याच्या अठराव्या हिश्श्याइतका. दिवसाला ०.६ मिलिमीटर भागिले अठरा, गुणिले तीनशे पासष्ट : वर्षाला सुमारे १२ मिलिमीटर. मालाच्या ओझ्याने तो कमी होईल, पाणी मुबलक नसेल तर आणखी कमी होईल. तरीही आकडा मिलिमीटरच्या अंशांत नाही, सेंटिमीटरच्या घरात आहे.

येथे आमच्या गटाचे एक मत बनले आहे आणि ते अहवालात ठेवण्याचा आग्रह आम्ही धरणार आहोत. संवेदनशीलतेचे हे वर्गीकरण थंड प्रदेशांतील रस्त्यांसाठी घडले. तेथे हिवाळा काही महिन्यांनी संपतो, माती वितळते, हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. त्यामुळे सावकाश उचलणारी चिकणमाती तेथे तुलनेने निरुपद्रवी ठरते. शीतगृहाच्या फरशीखाली हिवाळा संपतच नाही. जी माती आठ तासांत हलत नाही तिला आठ वर्षे दिली तर काय होईल, याचे उत्तर आठ तासांच्या चाचणीतून मिळणार नाही.

२० फेब्रुवारी

३८ मिलिमीटर व्यासाच्या नमुन्यांवर, बाहेरून पाणी न देता, गोठवणे आणि वितळवणे यांची पाच आवर्तने करून अनिर्बंधित दाब-ताकद (बाजूंनी आधार न देता नमुना दाबून मोजलेली ताकद) तपासली. मूळ १८० किलोपास्कल, एका आवर्तनानंतर ११२, पाचव्यानंतर ८४. निम्म्याहून अधिक नुकसान पहिल्याच वेळी होते. शीतगृहाच्या बाबतीत याचा अर्थ असा की दुरुस्तीसाठी यंत्रणा बंद करून फरशी सरसकट वितळू देणे हा उपाय धोक्याचा आहे. भेगांची जाळी राहिलेली, पाण्याने भरलेली माती मग त्याच फरशीला खाली बसू देईल. गोठून वितळलेल्या चिकणमातीची पारगम्यता दहापट किंवा त्याहूनही वाढल्याचे अनेक प्रयोगांत आढळले आहे, त्यामुळे पुन्हा थंडी लावल्यावर पाण्याला वाट आधीपेक्षा मोकळी मिळते.

४ मार्च

मुरमाचा प्रयोग. काळ्या मातीखाली ५० मिलिमीटर मुरूम कुटून भरला आणि पाणी त्याच्या तळाशी दिले. स्थिर वेग ०.८ वरून ०.५ वर आला, म्हणजे अपेक्षेपेक्षा फारच थोडा फरक. २१ नोव्हेंबरच्या नोंदीतील ‘किंचित’ येथे आडवे आले : मुरमातील बारीक कणांतून केशाकर्षणाने पाणी पन्नास मिलिमीटर सहज चढते. मग तोच मुरूम ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीवर चाळून वर राहिलेले खडे धुऊन घेतले आणि तेवढ्याच जाडीचा थर दिला. सहा दिवसांत उठाव ०.४ मिलिमीटर, तोही पहिल्या दोन दिवसांतला. ब्युरेटची पातळी त्यानंतर हलली नाही. ‘खाली मुरूम टाकला आहे’ हे वाक्य बांधकामाच्या जागी आश्वासन म्हणून ऐकू येते. तो चाळलेला होता का, हे यापुढे आम्ही विचारणार आहोत.

१२ मार्च

मालकांच्या परवानगीने शीतगृहात डंपी लेव्हल (उंचीतील फरक मोजणारी दुर्बीण) लावली. बाहेर ३८ अंश, आत उणे १८. काच पुसण्यातच निम्मा वेळ गेला. मधल्या खोलीच्या फरशीचा मध्य भिंतीलगतच्या कडांपेक्षा ३१ मिलिमीटर उंच आहे. बेदाण्याच्या खोलीत हाच फरक ३ मिलिमीटर. बिलांवरून फरशीखाली पफ ७५ मिलिमीटर असल्याचे कळले. हवा खेळवणारे पाइप किंवा तापवणाऱ्या तारा घातलेल्या नाहीत. मागच्या भिंतीबाहेर खोली धुतलेल्या पाण्याचा शोषखड्डा आहे, भिंतीपासून अवघ्या दोन मीटरवर.

फरशीच्या सांध्यातून बारा मिलिमीटरचे छिद्र पाडून संवेदक पफच्या ३० सेंटिमीटर खाली उतरवला. वीस मिनिटांनी वाचन स्थिर झाले : उणे ०.९ अंश. गिरमिटाच्या टोकाला आलेली काळी माती हातात घेतली तेव्हा ती खडखडीत होती आणि तिच्यात पांढऱ्या रेषा होत्या. मालकांनी ती तळहातावर धरून ठेवली आणि दोन मिनिटांत चिखल झाला. पुढच्या आठवड्यात फरशी फोडून नवी टाकण्याचे काम ठरले होते, ते त्यांनी थांबवले आहे. शोषखड्डा आधी हलवायचा, मग भिंतीच्या बाजूने आडवी छिद्रे घेऊन हवेचे पाइप घालता येतात का ते पाहायचे. संवेदक तेथेच राहू दिला आहे. दर सोमवारी वाचन पाठवण्याचे काम त्यांच्या सुपरवायझरने स्वीकारले आहे.